सुभेदारांना विचारा : सत्कार करायचाय, पण कसा?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनी मुलांकडून निधी गोळा करतो आणि गावातल्या एका वीरपत्नीचा सत्कारही करतो. पालक विचारतात, हा पैसा जातो कुठे? आणखी एक. गेल्या वर्षी निवेदकानं त्यांच्या मालकांच्या वीरमरणाचा प्रसंग वाचून दाखवला, मागे गाणंही लावलं होतं. ताई अर्ध्यातूनच उठून गेल्या. यंदा काय करावं?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, पालक पैशाचं विचारतात हे चांगलंच आहे. विचारू द्या.

ध्वजदिन 1949 पासून पाळतात. त्या छोट्या झेंड्यावरचा लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. मुलांना निदान एवढं तरी सांगून मग झेंडे वाटा. आमच्याकडे नुसतेच वाटतात आणि दुपारपर्यंत ते मैदानात पडलेले दिसतात.

निधीचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बघतं. त्यातून माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला, मुलींच्या लग्नाला मदत होते. पेन्शन नसलेले म्हातारे जवानही असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पंधरा वर्षं भरायच्या आत घरी आलेल्या शिपायाला सहसा पेन्शन बसत नाही. अशा हवालदारापर्यंतच्या माणसाला पासष्टीनंतर दरमहा मदत मिळू शकते, पण अर्ज करावा लागतो. तुमच्या गावात असा कोणी आहे का, ते आधी बघा. आणि पालकांना खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरचं सांगा. पाठीच्या कण्याला मार बसलेले जवान तिथे राहतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. हात चालत नाहीत असे काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. ध्वजदिनाच्या निधीतून या सेंटरलाही अनुदान मिळतं.

आता सत्काराचं. ताई उठून गेल्या ते बरोबरच केलं. तो प्रसंग त्यांना पाठ आहे, माईकवरून ऐकवायची गरज नाही. यंदा आठवडाभर आधी घरी जा आणि विचारा : यायचं आहे का, बोलायचं आहे का, मालकांविषयी काय सांगितलेलं चालेल? जवान कोणत्या पलटणीत होता, कुठल्या शाळेत शिकला, कबड्डीत कसा होता, हे सांगा. मुलांच्या लक्षात तेच राहतं.

घरात सासू असेल तर तिलाही बोलवा. वीरमाता हमखास राहून जाते. एकीला शाल आणि दुसरी मागच्या रांगेत, असं झालं की घर वर्षभर धुमसतं. पेन्शनवरून आधीच कुरबुर असेल तर मग बघायलाच नको. मी असली घरं पाहिली आहेत.

हळदीकुंकवाचं ताट फिरवणार असाल तर त्यांच्यापुढून घाईनं पुढे नेऊ नका. सगळ्या बायकांना लावलं आणि जिचा सत्कार तिलाच वगळलं, तर कसला सत्कार? त्यांना विचारा. हो म्हणाल्या तर लावा.

शालीबद्दल माझं मत विचारलंत तर, पुरे झाल्या. माझ्या पलटणीतल्या एका जवानाच्या पत्नीकडे ट्रंकभर शाली आहेत, पण आधारवरचं नाव आणि पेन्शनच्या कागदावरचं नाव जुळत नव्हतं म्हणून ती दोन वर्षं खेटे घालत होती. लग्नाआधीचं नाव, सासरी ठेवलेलं नाव, मागे जोडलेलं ‘बाई’, एवढ्यावर सगळं अडतं. तुमच्या शाळेत लिहिता-वाचता येणारी इतकी माणसं आहेत. एखाद्या शनिवारी त्यांचे कागद बघा, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी असतात तिथे, अर्ज लिहून द्या. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. दहावीतली पोरगी करून देईल. मात्र ओटीपी फोनवरून कोणालाही सांगायचा नाही, हे ताईंना दोनदा बजावा.

प्रश्न : माझे पणजोबा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले, परत आले नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर त्यांचं नाव असेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ते स्मारक 2019 मध्ये खुलं झालं, त्यावरची नावं स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची आहेत. इंडिया गेटवरची त्याआधीची, पहिलं महायुद्ध आणि 1919च्या अफगाण लढाईतली. तुमच्या पणजोबांचं नाव या दोन्हींच्या मधल्या काळात पडतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था महायुद्धांत पडलेल्यांच्या नोंदी ठेवते, तिच्या यादीत शोधा. फुकट बघता येते. इंग्रजांनी आपली नावं ऐकू येतील तशी लिहिली आहेत, म्हणून नुसत्या आडनावावर विसंबू नका. रेजिमेंट, साल आणि इटली एवढं घालून चाळा. ‘मराठा’ इंग्रजीत Mahratta असं लिहा, तेव्हाचं स्पेलिंग तसं होतं. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, 10 जुलै 1944 रोजी इटलीतच पडले. त्यांचं नाव तिथल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे.

गावातही विचारा. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांसाठी शिळा बसवलेली आहे. तुमच्याकडे शिळा नसली तरी एखाद्या घरात जुनं पदक असतं. त्याच्या कडेवर नंबर आणि पलटण कोरलेली असली, तर शोध तिथूनच सुरू करा. आणि पदक घासून चकचकीत करू नका, कडेवरची अक्षरं झिजतात.