वाचकांचे प्रश्न : बेसबॉलमधल्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) कंट्रोल, म्हणजे चेंडू हवा तिथे टाकण्याची हुकमत, आकड्यांत कसा मोजायचा?

प्रश्न : अटलांटा ब्रेव्ह्जच्या १९९७ च्या पिचरांचे आकडे मांडतो आहे. ग्रेग मॅडक्सने २३२.२ इनिंगमध्ये २० वॉक (चौकटीबाहेर पडलेल्या चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले. माझ्या एक्सेलमध्ये नऊ इनिंगमागे ०.७८ येतात, छापील तक्त्यांत मात्र ०.७७. चूक कुठे?

उत्तर : चूक त्या टिंबात आहे. ते दशांशचिन्ह नव्हे. २३२ पूर्ण इनिंग (प्रत्येकी तीन आउट) आणि वर दोन आउट, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून इनिंगचा नाद सोडा, आउट मोजा : २३२ × ३ + २ = ६९८. नऊ इनिंगचे आउट २७. आता २० × २७ ÷ ६९८ = ०.७७. शीटमध्ये आउटचा वेगळा कॉलम ठेवा आणि सगळी सूत्रं त्यावरच चालवा.

या २० पैकी ६ वॉक मुद्दाम दिलेले होते. ते डावपेचाचे, हात चुकल्याचे नव्हेत. ते वगळले तर उरलेल्या १४ चा दर ०.५४ वर येतो. कंट्रोलच पाहायचा असेल तर हाच आकडा धरावा. फक्त मग तुलनेतल्या प्रत्येक पिचरचे मुद्दाम दिलेले वॉक वगळायला हवेत.

प्रश्न : चौघा मुख्य पिचरांचा एकत्रित दर काढायला चार दरांची सरासरी घेतली तर चालेल का?

उत्तर : इथे चालून जातं, म्हणूनच ती सवय घातक. मॅडक्स २० वॉक, डेनी नीगल ४९, जॉन स्मोल्ट्झ ६३, टॉम ग्लॅव्हिन ७९, एकूण २११. आउट ६९८, ७००, ७६८, ७२०, एकूण २८८६. खरा दर १.९७, तुमच्या पद्धतीने १.९६. चौघांच्या इनिंग जवळपास सारख्या, म्हणून निभावलं. आता समजा, तीनच इनिंग टाकून ५ वॉक देणारा एक रिलीव्हर (सामन्यात मध्येच बदली येणारा पिचर) यादीत आला. त्याचा दर १५. सरासरी थेट ४.५७ वर जाते, खरा दर मात्र जेमतेम २.०१! आधी बेरीज, मग भागाकार.

प्रश्न : ग्लॅव्हिनचा दर २.९६, म्हणजे त्याचा कंट्रोल कच्चा?

उत्तर : तसं म्हणवत नाही. तो बाहेरच्या कडेवर चेंडू टाकत राहायचा. बॅटरने सोडला तरी मधोमध द्यायचा नाही. असे वॉक पत्करलेले असतात. चेंडू हव्या त्या जागी पडतो का, हे वॉकच्या रकान्यात दिसत नाही. एका वॉकमागे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) किती, हे पाहिले तरी (मॅडक्स ८.८५, ग्लॅव्हिन १.९२) ते कळत नाही, त्यात बॅटरला चकवण्याची ताकद मिसळलेली असते.

प्रश्न : सेंट लुईस ब्राउन स्टॉकिंग्जच्या जॉर्ज ब्रॅडलीने १८७६ मध्ये ५७३ इनिंगमध्ये ३८ च वॉक दिले. दर ०.६०. मग तो मॅडक्सच्या वरचढ?

उत्तर : ही तुलनाच लावू नका. तेव्हा वॉक मिळायला व्यवहारात नऊ वाईट चेंडू पडावे लागत. चार चेंडूंचा नियम १८८९ चा. पिचर ४५ फुटांवरून, हात खाली ठेवून टाकत असे. ६० फूट ६ इंच अंतर १८९३ पासून आलं. ब्रॅडलीच्या शेजारी त्याच्याच हंगामातले पिचर ठेवा. मॅडक्ससमोर ठेवायचाच असेल तर न्यू यॉर्क जायंट्सचा क्रिस्टी मॅथ्यूसन घ्या : १९१३, ३०६ इनिंग, २१ वॉक, दर ०.६२. अंतर तेच, चेंडूही चारच.