सागाचा घेर घटला म्हणून ती झाडं गाळू नका

सागाच्या विरळणीच्या (दाट लागवडीतली काही झाडं तोडून बाकीच्यांना मोकळीक देण्याच्या) प्रयोगात दुसऱ्या मोजमापाला बावीस झाडांच्या खोडाचा घेर आधीपेक्षा कमी भरला आणि थीसिसचे गाईड म्हणतात ती झाडं गाळून पुढे चला, असं तुम्ही लिहिलंय. उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. याच सल्ल्यापायी माझं एम.एस्सी.चं अख्खं वर्ष गेलं. 'उणे आकडे परीक्षकांना दाखवू नका' असं आमच्या कार्यालयातून तोंडी सांगायचे. लेखी विचारलं की उत्तर नाही.

मुळातल्या चुकीपेक्षा ही गाळणी जास्त घातक आहे. टेप वरखाली धरली गेली की काही झाडं चुकून कमी भरतात, तशी काही जास्तही भरतात. कमी भरलेली लगेच डोळ्यांत खुपतात. जास्त भरलेली चांगली वाढ समजून तक्त्यात राहतात. नुसती उणी काढलीत की सरासरी फुगते, आणि सगळीकडे सारखी फुगत नाही. विरळणी न केलेल्या दाट प्लॉटमध्ये खरी वाढच थोडी, म्हणून उणी झाडं तिथेच जास्त आणि गाळणीही तिथेच जास्त. म्हणजे जो फरक दाखवायला प्रयोग मांडला, तोच पुसला जातो. 60 सें.मी. घेराच्या झाडावर 1 सें.मी.ची चूक झाली तर खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 3.3 टक्क्यांनी चुकतं. वर्षाची वाढ 2 सें.मी. असेल तर तिचा निम्मा भाग चुकीतच गेला.

तुमचं पहिलं मोजमाप ऑक्टोबरचं, दुसरं मार्चचं. मला तरी कारण इथेच दिसतं. पावसाळ्यानंतर सागाखाली पाचोळा कुजून बसलेला असतो. मार्चमध्ये नुकती गळलेली मोठाली पानं घोटाभर साचतात. घेर छातीच्या उंचीला, जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतात; तेवढ्या मापाची काठी त्या थरावर टेकवली की टेप तेवढी वर जाते आणि घेर कमी भरतो. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडाला खोड किंचित आक्रसतं. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. (मधे वणवा गेला असेल तर उलटं होतं, पाचोळाच उरत नाही.)

आता करायचं ते असं. काठी पायाने पाचोळा सारून मातीवर टेकवा, उतारावर झाडाच्या चढाच्या बाजूने. सुटी साल हलकेच खरवडा, आतल्या ओल्या सालीला इजा होऊ देऊ नका. मग पांढऱ्या ऑइल पेंटचा दोन बोटं रुंद पट्टा खोडाभोवती ओढा आणि दर वेळी त्याच्या वरच्या कडेलाच टेप लावा. झाडाच्या नंबराचा खिळा रंगाच्या पट्ट्याजवळ नको, खिळ्यापाशी खोड फुगतं. नंबराची पट्टी वीतभर वर. गाठ किंवा फांदीचा फुगवटा आड आला तर मोजायची उंची बदला आणि ती वहीत लिहा. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं, विरळणीच्या मार्किंगआधी.

जुना आकडा आता दुरुस्त होणार नाही. येत्या ऑक्टोबरचं मोजमाप पायाभूत धरा, पुढचं त्याच महिन्यात घ्या. तेवढी मुदत नसेल तर सगळी झाडं ठेवा, उणी धरून, आणि चुकीचं कारण थीसिसमध्ये स्पष्ट लिहा. सागाची वर्षकडी (लाकडात दरवर्षी पडणारं कडं) स्पष्ट असते, त्यामुळे पोखरणीने, म्हणजे खोडात भोक पाडून लाकडाची बारीक कांडी काढायच्या अवजाराने, नमुना घेऊन वाढ पडताळता येते, पण उभ्या झाडाला भोक पाडायला वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. विरळणीत पाडलेल्या झाडांच्या चकत्या सहज मिळतील, पण ती बहुतेक शेजारच्या झाडांखाली दबून वाढ खुंटलेली झाडं. राहिलेल्या झाडांची वाढ त्यांवरून काढू नका.

मी संख्याशास्त्रातला नाही, तरी एक सांगतो: चार उपचार (विरळणीचे प्रकार) आणि पाच पुनरावृत्ती (प्रत्येक प्रकाराचे पाच प्लॉट) असतील तर तुलनेसाठी तुमचं एकक प्लॉट आहे, झाड नाही. प्रत्येक झाड वेगळी पुनरावृत्ती धरलीत तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. आणि प्लॉटभोवतीच्या पट्ट्यातही तीच विरळणी झालीय ना, एवढं जाऊन बघा. नसेल तर कडेच्या दोन ओळी हिशेबाबाहेर ठेवा, सगळ्या प्लॉटांत सारख्याच.