पाचवा वाढदिवस, दीड लाखाचा हॉल आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : आम्ही चिंचवडला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९२,००० रुपये. घराचा हप्ता ३१,०००, घरखर्च ४२,०००, एसआयपी ५,००० आणि मुलीच्या सुकन्या खात्यात २,०००. डिसेंबरमध्ये मुलीला पाच वर्षं पूर्ण होतात, धाकटा दीड वर्षाचा आहे. तिचा पहिला वाढदिवस राहून गेला, म्हणून सासूबाईंची इच्छा आहे की हा हॉल घेऊन करावा. १२० माणसांचा अंदाज १,६०,००० रुपये येतोय. नवरा वैयक्तिक कर्ज घेऊ म्हणतो. १,२०,००० ची एफडी आहे, ती मोडावी का? मला वाटतं, त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून कोकणात जावं.

उत्तर : तुमचा अंदाज मांडून पाहिला. जेवण १२० ताटं, ६५० ने ७८,०००. हॉल २५,०००, सजावट १८,०००, फोटो-व्हिडिओ १५,०००, जादूचे प्रयोग ८,०००, रिटर्न गिफ्ट ८,०००, केक ४,०००, कपडे ४,०००. बेरीज बरोबर आहे, पण दरपत्रकाच्या तळाशी 'जीएसटी वेगळा' असं लिहिलंय का ते बघा. व्यावसायिक नोंदणीकृत असतील तर हॉलच्या भाड्यावर १८ टक्के आणि केटरिंगवर साधारण ५ टक्के, म्हणजे ८,४०० रुपये वर. शिवाय ताटांची हमी. १२० सांगितली आणि ९५ माणसं आली, तरी बिल १२० चंच येतं. लोक हमी नेहमी जास्तीची देतात, कारण कमी पडलं तर नाक कापलं जाईल ही भीती. लहान मुलांचं ताट अर्ध्या दरात लावतात का, हेही फारसं कुणी विचारत नाही.

आता कर्ज. १,६०,००० रुपये, १४ टक्के, २४ महिने : हप्ता सुमारे ७,६८०. एकूण व्याज २४,४०० च्या घरात. प्रक्रिया शुल्क २ टक्के धरलं तर त्यावरच्या जीएसटीसह आणखी ३,७७६. म्हणजे २८,००० रुपये नुसते उधारीचे. आकड्यापेक्षा मला मुदत जास्त खटकते. हा हप्ता मुलीच्या सातव्या वाढदिवसापर्यंत चालेल. मध्ये तिचा सहावा आणि धाकट्याचे दोन वाढदिवस येतील, आणि त्या वेळी महिन्याची शिल्लक १२,००० ऐवजी ४,३०० असेल. मग त्यांचा खर्चही क्रेडिट कार्डावर जातो.

एफडी मोडणं कर्जापेक्षा स्वस्त, हे मान्य. जितके दिवस ठेवली तितक्या मुदतीचा दर लावून बँक त्यातून साधारण अर्धा ते एक टक्का कापते. नुकसान हजार-दोन हजारांचं. पण ती एफडी म्हणजे तुमचा अडीअडचणीचा सगळा पैसा आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून ७३,००० लागतात, म्हणजे ती पावणेदोन महिनेही पुरत नाही. खरं तर ती सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास हवी. ती मोडू नका. दिवाळीचा बोनस आला तर त्यातला निम्मा तरी तिच्यातच घाला.

सासूबाई म्हणत असतील, 'पाकिटं येतील, खर्च निघेल.' १२० माणसं म्हणजे ३५-४० कुटुंबं. सरासरी ५०० धरले तरी २०,००० च्या आतबाहेर. आणि ते उत्पन्न नाहीच. ज्याने पाचशे दिले त्याच्याकडे उद्या तुम्हाला जायचंय. हिशेबात ते शून्य धरा. हेच पैसे सुकन्या खात्यात टाकले असते तर किती झाले असते, असंही काही जण सुनावतील. ते गणित मी मांडत नाही. हा पैसा मुळात तुमच्याकडे नाहीच. पाकिटांतून जे येईल ते मात्र सुकन्या खात्यात जाऊ द्या, महिन्याच्या ५ तारखेच्या आत, कारण ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर त्या महिन्याचं व्याज धरतात.

माझं मत : हॉल नको, वाढदिवस करा आणि कोकणातही जा, पण दोन्ही एकाच महिन्यात नको.

डिसेंबरमध्ये सोसायटीचं क्लबहाउस घ्या. पंधरा मुलं, तीस मोठी माणसं, २०,००० रुपये, त्याहून जास्त नाही. क्लबहाउस २,०००. पावभाजी-पुलाव-गुलाबजाम आसपासच्या बचत गटाकडून किंवा घरगुती ऑर्डर घेणाऱ्या काकूंकडून १६० रुपये ताट धरलं तर ७,२००. माणशी ५० ग्रॅम केक पुरतो, म्हणजे सव्वादोन किलो. दोन किलो सांगा, मोठ्यांतले निम्मे नको म्हणतात. त्याचे १,८००. फुगे-पताका १,५००, खेळांची बक्षिसं १,०००, मुलांच्या भेटी १५० ने २,२५०, फ्रॉक २,०००. उरलेले सव्वादोन हजार वरखर्चाला, तो होतोच.

वेळ साडेपाच ते साडेसात. केक सव्वासहाला कापा. ऑफिसमधून येणाऱ्यांसाठी आठपर्यंत थांबवला की पाच वर्षांची मुलं पेंगतात, रडतात, आणि फोटोत उत्सवमूर्तीचंच तोंड वाकडं असतं. मुलांना पावणेसातला आधी वाढा. औक्षण सासूबाईंच्या हातून, केकच्या आधी, सगळ्यांसमोर. निरांजन, सुपारी, अंगठी सगळं तबकात तयार ठेवा. त्यांना जे हवंय त्यातलं बरंचसं तिथेच मिळेल. फोमचा स्प्रे मात्र आणू नका, मेणबत्तीजवळ तो पेट घेतो. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला, धाकटा तोंडात घालेल.

पंधरा हजारांचा फोटोग्राफरही नको. हॉलमधले तीनशे फोटो पेनड्राइव्हमध्येच राहतात. एखाद्या भाच्याला कामाला लावा आणि त्यातले वीस फोटो छापून आणा.

सहल फेब्रुवारीत. दिवेआगर बरं : ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे चार-पाच तासांत पोचता, किनारा सपाट असल्याने मुलांना खेळता येतं. रविवारी निघून मंगळवारी परत या. शनिवारचे भाव वेगळे असतात. दोन खोल्या, दोन रात्री, खोली २,५०० प्रमाणे १०,०००. जेवण-नाश्ता ७,०००. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशी सांगावं लागतं.

गाडीच्या भाड्यात लोक फसतात. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरायची पद्धत आहे. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून साडेतीनशे-चारशे किलोमीटर होतात, बिल मात्र तीन दिवसांच्या ९०० चं : १६ रुपयांनी १४,४००, वर चालकाचा भत्ता आणि टोल. म्हणून 'सोडायला आणि आणायला' असा वेगळा दर विचारा. गाडीवाला तयार झाला तर चार-पाच हजार वाचतात, तिथे रिक्षाने फिरता येतं. ताम्हिणीत वळणं फार, मुलांना निघताना भरपेट खायला घालू नका, आणि परतीचा घाट उजेडात चढा.

सगळं मिळून सहल ३४,००० च्या आत बसते. वाढदिवसाचे २०,००० धरून ५४,०००. सप्टेंबर ते फेब्रुवारीची तुमची शिल्लक ७२,०००. एफडीला हात नाही, हप्ता नाही, वर १८,००० उरतात. मार्चपासून ३,००० ची आवर्ती ठेव सुरू करा, फक्त दोन्ही वाढदिवसांसाठी आणि एका सहलीसाठी. वर्षाला ३६,००० आणि थोडं व्याज. धाकट्याचा वाढदिवस त्यातूनच होईल, त्यामुळे मुलीचा किती मोठा करायचा हे तेव्हा घरात आपोआप बोललं जाईल.

नवऱ्याला पटत नसेल तर हॉलवाल्याला आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही ना, एवढं आधी बघा. दिली असेल तर रद्द करण्याच्या अटी लेखी मागून घ्या. त्याच तारखेला दुसऱ्या कुटुंबाने तो हॉल घेतला, तर बरेचदा बरीचशी रक्कम परत मिळते.