हॅच उघडी असूनही बिल्जमध्ये घुसमट का होते?

प्रश्न: आमची छोटी फायबरची बोट आहे. हलवर (बोटीच्या बाहेरच्या अंगावर) पिवळट डाग पडलेत म्हणून ॲसिडवालं क्लीनर आणलंय, आणि बिल्जला, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचणाऱ्या पोकळीला, कुबट वास येतो म्हणून तिथे ब्लीच ओतायचा विचार आहे. मागे आतून साफ करताना डोळे चुरचुरले, खोकला थांबेना. मास्क होता, हॅचपण (डेकवरचं झाकण) सताड उघडी होती, तरी असं का व्हावं? – एक वाचक

उत्तर: मास्क कागदी असेल तर तो धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी ॲसिड गॅसचं कार्ट्रिज (वायू शोषणारी डबी) असलेला रेस्पिरेटर, म्हणजे तोंडाला घट्ट बसणारा मुखवटा, लागतो. पण खरी भानगड मला वेगळीच वाटते. ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन सुटतो, आणि तो हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड, म्हणजे वरच्या हॅचमधून निघून जायच्या ऐवजी तो खाली बिल्जमध्येच साचतो आणि तुम्ही तर तिथेच डोकं खाली घालून घासत बसलेले असता. हे दोन्ही तुम्ही मुद्दाम मिसळायची गरजच नाही, आधीचं ॲसिड कोपऱ्यात उरलेलं असलं तरी पुरे. अमोनियावालं काचेचं क्लीनरही ब्लीचबरोबर नकोच, त्यातूनही विषारी वायू निघतो.

म्हणून एका दिवशी एकच केमिकल, आणि दुसरं वापरायच्या आधी भरपूर पाण्याने धुवून सगळं उपसून काढा. ऑटोमॅटिक बिल्ज पंप आधी बंद करा हं, नाहीतर त्याचा फ्लोट (तरंगता स्विच) वर आला की पंप सुरू होऊन सगळा माल थेट बाहेरच्या पाण्यात जाणार. बाहेरची हवा पाईपने तळापर्यंत सोडली तर उत्तम, पण ॲसिटोनसारखं सॉल्व्हंट वापरत असाल तर साधा टेबलफॅन आत नेऊ नका, एक ठिणगी पुरते. आणि वर कोणीतरी बसलेलं हवंच, एकट्याने हे काम करूच नये.

ॲसिड पातळ करायचं असेल तर पाण्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. नायट्राइलचे लांब हातमोजे आणि चारी बाजूंनी बंद गॉगल घाला, साधा चष्मा चालत नाही. लेबलवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं असेल तर ती बाटली सरळ परत करा. त्याची जखम सुरुवातीला दुखतही नाही आणि आत मात्र पोखरत जाते.

डोळ्यात उडालंच तर लगेच वाहत्या गोड्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर धुता धुताच काढा, मग बाटली सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा.