उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या अलंकारांत नेहमी गोंधळ होतो. फरक कसा लक्षात ठेवायचा? निबंधात अलंकार किती वापरावेत?

एकच वाक्य तीन प्रकारे फिरवून बघा.

'आजीचा हात सायीसारखा मऊ' ही उपमा. हात (उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करतो ते) वेगळा, साय (उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतो ते) वेगळी, फक्त सारखेपणा सांगितलाय. 'आजीचा हात जणू सायच' म्हटलं की उत्प्रेक्षा. हात साय असल्याची कल्पना केली, पण 'जणू'मुळे थोडी शंका उरली. 'आजीचा हात म्हणजे साय' इथे शंकाही गेली, दोन्ही एकच. हे रूपक. 'संसारसागर' हा शब्दही रूपकच.

नुसते 'सारखा', 'जणू', 'भासे' हे शब्द पाठ करून मात्र फसाल. 'आईसारखी आईच' यात 'सारखी' आहे, तरी ही उपमा नाही. आईची तुलना आईशीच केली, म्हणजे हा अनन्वय अलंकार. माझे शाळेत इथेच हमखास मार्क जायचे! म्हणून आधी उपमेय-उपमान शोधा, शब्द नंतर.

निबंधाचं म्हणाल तर वर्णनात्मक आणि आत्मकथनात दोन-तीन अलंकार पुरे. वैचारिक निबंधात त्यापेक्षा एक मुद्दा, एक परिच्छेद आणि सोबत एखादं ठोस उदाहरण हे जास्त कामाचं. आणि 'रम्य ती पहाट, पक्ष्यांचा किलबिलाट' ही सुरुवात कृपया टाळा, तपासणाऱ्यांना ती वाचून वाचून कंटाळा आला असेल. त्यापेक्षा थेट एखाद्या प्रसंगाने सुरू करा: एस.टी. चुकली, लाइट गेली, काहीही चालेल.