आयटीआयच्या मुलांना व्यवसायाच्या कल्पना सुचाव्यात म्हणून वर्गात काय करता येईल?

'धंद्याची आयडिया सांगा' म्हटलं की सगळा वर्ग खाली बघतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे उलट झालं होतं. मी वीजतंत्री ट्रेडला निदेशक आहे. पहिल्या वर्षी 'प्रत्येकाने एक कल्पना लिहून आणा' असं फर्मान काढलं, तर 20 वह्यांपैकी 12 वह्यांत एलईडी बल्बचा कारखाना! सगळ्यांनी एकच व्हिडिओ पाहिलेला.

तेव्हापासून 'कल्पना' हा शब्दच मी वर्गात काढत नाही. शनिवारी गावी जाताना एक काम देतो. आठवड्यात गावात काय बिघडलं, दुरुस्तीला कुठे नेलं, किती दिवस गेले, किती पैसे गेले. चार रकाने, बस्स.

एका पोराने काकांच्या विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरीचं लिहिलं होतं. विजेच्या तीन फेजपैकी एक गेली, मोटर जळाली, तालुक्याला रिवाइंडिंगला (जळालेली तार काढून नवी गुंडाळायला) टाकली, चार दिवस लागले. आणि रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'मेथी वाळली'. त्या दोन शब्दांवर आमचा अख्खा तास गेला. रिवाइंडिंगची दुकानं तालुक्याला पैशाला पासरी आहेत, मग काकांचं नुकसान नेमकं कशाने झालं? मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, चार दिवसांपुरती बदली मोटर दिली तर?"

लगेच शाबासकी देऊ नका, फळ्यावर हिशोब मांडायला लावा. काकांच्या पुतण्याने, म्हणजे आमच्या वहीवाल्या पठ्ठ्याने, जुनी मोटर, तांब्याची तार, बेअरिंग सगळं धरलं. पेट्रोल आणि स्वतःची मजुरी मात्र विसरला. ती धरल्यावर भाडं जवळजवळ दुप्पट झालं. मग त्याला काकांकडेच पाठवला, एवढं द्याल का विचारायला. काका म्हणाले, देतो, पण विहिरीत मोटर सोडायची तूच आणि काढायचीही तूच. म्हणजे दोरखंड आणि सोबत आणखी एक माणूस आला. हिशोब पुन्हा पुसला.

जमलं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला. तिथे मुलं गावातल्या लोकांची खरी कामं करत शिकतात. वर्गात सरावापुरत्या केलेल्या खोट्या कामावर मार्क मिळतात, गिऱ्हाइकाची कटकट कळत नाही.

कर्जाच्या योजना मात्र आधी सांगू नका. मुद्राच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत मिळतात हे ऐकलं की पोरं अर्जाच्या मागे लागतात आणि वही बाजूला पडते. आणि ज्यांचा डोळा महावितरणच्या भरतीवर आहे त्यांना उगाच टोचू नका. घरची परिस्थिती त्यांना ठाऊक असते.

तो काकांचा पुतण्या सध्या अप्रेंटिसशिप करतोय. मोटरींचं काम फक्त रविवारी. बदली द्यायला दोन मोटरी केल्यात त्याने. एप्रिल-मेमध्ये दोन्ही घरी नसतात.