वाचकांचे प्रश्न : कृत्रिम चित्रफीत आणि काळ्या मातीचे बांध

प्रश्न : आमचे इंदूरमधील लहानसे स्वयंसेवी मंडळ झाबुआ जिल्ह्यातील आणि देवास जिल्ह्याच्या बागली भागातील शेतकऱ्यांना मृद व जलसंधारणाचे प्रशिक्षण देते. शेतावर जाऊन चित्रीकरण करणे खर्चाचे असते, शिवाय त्यासाठी पावसाळ्याची वाट पाहावी लागते. तरुण सदस्यांचे म्हणणे असे, की कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळींचे वर्णन दिले की चित्रफीत घरबसल्या तयार होते. तशी एक नमुना चित्रफीत करून सोबत पाठवली आहे. ज्येष्ठ सदस्यांना ती पटत नाही. आम्ही या मार्गाने जावे काय? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आपली चित्रफीत दोनदा पाहिली. ती देखणी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात टेकडीवर चर खोदणारा शेतकरी निघालेली माती चराच्या वरच्या अंगाला टाकतो. ती माती खालच्या अंगाला टाकायची असते, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात ती वाहून परत चरात येते आणि चर बुजतो. प्रशिक्षणात नेमके हेच शिकवायचे असते, आणि पाहणारा ते चुकीचे शिकून घरी जाईल.

याहून गंभीर चूक दुसऱ्या दृश्यात आहे. तेथे खोल काळ्या मातीच्या सपाट शेतात समपातळी बांध, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत राहून पाणी जागीच अडवणारे बांध, घातलेले दाखवले आहेत. माळव्याच्या पठारावर वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि काळ्या मातीत पाणी एकदा मुरू लागले की ती फुगते व पुढचे पाणी फार हळू आत घेते. त्यामुळे अशा बांधामागे पाणी साचून राहते आणि सोयाबीन पिवळे पडते. उन्हाळ्यात त्याच बांधाला भेगा पडतात, आणि पुढच्या पावसात पाणी त्या भेगांतून वाट काढून बांध फोडते. म्हणून या जमिनीत जादा पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध आणि रुंद वरंबा-सरी, म्हणजे रुंद वरंब्यावर पीक घेऊन मधल्या सरीतून पाण्याला वाट देणारी, जिला सगळे बीबीएफ म्हणतात ती पद्धत, योग्य ठरते. झाबुआच्या उथळ, मुरमाड उतारांवर मात्र समतल चर चालतात. आपल्या दोन कार्यक्षेत्रांना एकच चित्रफीत कशी पुरणार, हा प्रश्न यंत्राला पडत नाही, कारण ते जगभरच्या असंख्य दृश्यांवरून शिकलेले असते आणि संभाव्य वाटेल ते चित्र काढते. बागलीच्या शेतातली माती किती खोल आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

घाई का होते, हे समजण्यासारखे आहे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातील सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ ३० टक्के क्षेत्र, अवनत झालेले, म्हणजे कस गमावलेले, होते, आणि २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर पुन्हा सुधारण्याचा संकल्प भारताने केला आहे. एवढ्या क्षेत्रावरील शेतकऱ्यांपर्यंत प्रत्यक्ष प्रशिक्षक पोहोचणे कठीणच आहे.

तरीही माझे मत असे, की कृत्रिम चित्रफीत कॅमेऱ्याला जे दिसू शकत नाही तेवढ्यापुरतीच वापरावी. उघड्या जमिनीवर आपटणारा पावसाचा थेंब मातीचे कण उडवतो, ते कण छिद्रांत बसतात आणि पाणी आत जायचे थांबते. पालापाचोळ्याने झाकलेल्या जमिनीत तेच पाणी मुळांच्या वाटेने खोल उतरते. ही गोष्ट शब्दांत सांगून अर्धी समजते आणि चित्रात पाहून लगेच समजते. माथा ते पायथा असा क्रम का पाळायचा, वरचे पाणी अडवण्याआधी नाल्यात बांध घातला तर तो गाळाने का भरतो, चराईबंदी पाळलेल्या टेकडीवर आधी गवत आणि मग झुडपे कशी येतात, हेही दहा वर्षांचे काम दोन मिनिटांत दाखवता येते. यात नवे असे फारसे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या ‘सायंटिफिक ॲनिमेशन्स विदाउट बॉर्डर्स’ या उपक्रमाने साध्या चलचित्रांना अनेक भाषांतील आवाज देऊन हेच केले आहे. आपणही हुबेहूब छायाचित्रासारखी दृश्ये टाळून उघडउघड रेखाटनासारखी शैली मागावी. पाहणाऱ्याला ते चित्र आहे हे दिसले पाहिजे. तसे केल्याने यंत्राने घडवलेला, कोणत्याच गावचा न वाटणारा तो फेटेवाला शेतकरीही आपोआप गळेल.

याउलट माणूस, त्याचे शेत आणि त्याला मिळालेले फळ कधीही यंत्राकडून बनवून घेऊ नये. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू येथील संशोधन केंद्रात सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ प्रकल्पाने त्याच परिसरातील शेतकऱ्यांचे चित्रीकरण केले, आणि गावातील कार्यकर्ता मध्येच चित्रफीत थांबवून प्रश्न विचारत असे. शेतकरी पडद्यावर तंत्राआधी हे पाहतो, की हा कोणाचा मुलगा, याची जमीन कसली, याच्याकडे विहीर आहे की नाही. ही विचारपूस खोट्या चेहऱ्याबाबत करताच येत नाही. आपल्याकडे तर खरी उदाहरणे हाकेच्या अंतरावर आहेत : झाबुआतील हाथीपावा टेकडीवर भिल्ल समाजाने हलमा परंपरेने, म्हणजे मोबदल्याविना एकत्र श्रम करून, खोदलेले चर, २००६ पासून देवास जिल्ह्यात शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर खोदलेली तळी, आणि बागलीतच १९९० पासून काम करणारी समाज प्रगती सहयोग ही संस्था. साध्या मोबाइलवर घेतलेली त्यांची दोन वाक्ये आपल्या नमुन्यातील सगळ्या हिरवळीपेक्षा अधिक उपयोगी पडतील.

आधी मजकूर लिहून तो कस्तुरबाग्राम येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, चित्र त्यानंतर काढावे, आणि चित्र तयार झाल्यावर पुन्हा दाखवावे. मापे चित्रावर न सोडता आवाजात सांगावीत. समपातळी रेषा आखण्याची ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘A’ अक्षराच्या आकाराची, ओळंबा टांगलेली चौकट, पडद्यावर दाखवायला हरकत नाही, पण ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीवरच्या मधल्या खुणेवर स्थिरावते तो क्षण प्रत्येकाने शेतात स्वतः अनुभवल्याशिवाय ती चौकट कोणाला वापरता आलेली मी पाहिलेली नाही.

प्रश्न : आमच्या शेतकऱ्यांना हिंदी समजते, पण बायका भिलीच बोलतात. यंत्राने भाषांतर करून आवाज दिला तर चालेल काय? (तेच वाचक)

उत्तर : केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘आदि वाणी’ या साधनात भिलीचा समावेश आहे, त्यावरून कच्चा मसुदा जरूर करावा. मात्र भिली काही कोसांवर बदलते, म्हणून आवाज त्याच गावातील बाईचा असावा. मापे हात आणि वीत यांत सांगावीत, सेंटीमीटरमध्ये नकोत.

प्रश्न : इंदूर पद्धतीच्या कंपोस्टवर चित्रफीत करताना सर अल्बर्ट हॉवर्ड स्वतः बोलत आहेत असे दाखवता येईल काय? (एक वाचक भगिनी, महू)

उत्तर : दाखवता येईल, पण दाखवू नये. हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते आणि ही पद्धत त्यांनी तेथेच विकसित केली, एवढे निवेदकाने सांगितले की पुरते. दिवंगत माणसाच्या तोंडी आपली वाक्ये घालण्याची गरज नाही. ढिगाच्या आत काय चालते ते मात्र अवश्य चित्रातून दाखवावे : काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, त्यांतून वाढणारी बुरशी, चढणारी उष्णता आणि हवा मिळावी म्हणून दिलेल्या पलट्या. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. ढीग तापला की नाही, हे पाहण्यासाठी लोखंडी सळई आत खुपसून काही मिनिटांनी बाहेर काढावी आणि हात लावून पाहावे. ती थंडच लागली तर ओलावा तपासून ढीग पुन्हा रचावा.